घड्याळ खरं की नगारा?

दुपारचा नगारा धडधडला आणि राजे भुजंगराव पाटावरून ताडकन उठले. समोर वाढलेलं ताट, हातात सोन्याच्या साखळीचं विलायती घड्याळ!

"बाराला अजून पाव तास आहे! आमच्या पोटात भूक नाही आणि नगारा वाजतो? बोलवा त्या हैबतीला!"

हैबती नगारची धावत आला. त्याच्या मागोमाग त्याची लेक ठकूही आली, कारण आबा घाबरले की त्यांची बोबडी वळते हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सरकार, चौकातल्या काठीची सावली दगडातल्या रेघेवर आली की मी टिपरी हाणतो," हैबती चाचरत म्हणाला. "माझ्या आज्यापासनं असंच..."

"मग सूर्य घाईत आहे!" राजे गरजले.

"हल्ली फारच घाई करतो, महाराज," दिवाणजींनी मान डोलावली. ती एरवीही डोलायचीच.

"आमचं घड्याळ दिवसा खिशात मिरवतं, रात्री चांदीच्या खुंटीवर झुलतं. ते चुकेल? त्याला चुकीचं म्हणणाऱ्याची गाढवावरून धिंड काढीन! हैबती, उद्यापासून नगारा दुसऱ्याकडे!"

हैबतीचा चेहरा पांढराफटक पडला. नगारा गेला तर घरात उरलं काय? ठकूही घाबरली. पण तिची जीभ भीतीला विचारून थोडीच हलायची!

"सरकार, नगारा अन् घड्याळ एकाच येळी बोलले तर?"

राजे चमकले. मग मिशीतल्या मिशीत हसले. "असं? पौर्णिमेपर्यंत दोघांचं जमवून दाखव! पण घड्याळ उघडायचं नाही. काट्यांना हात लावायचा नाही. रोज चावी द्यायची, बस्स! जमलं नाही, तर नगारा गेला समज."

"आणि चौकातली रेघ खोडायची नाही!" दिवाणजींनी पुस्ती जोडली.

घड्याळ ठकूच्या घरी निघालं. सोबत पहाऱ्याला भाला घेऊन दगडू शिपाई! घड्याळावरची नजर क्षणभरही हलवायची नाही, असा त्याला हुकूम होता.

ठकूने राजवाड्यातल्यासारखंच ते खिळ्याला टांगलं. आबांचा नगारा वाजला की मोठा काटा बाराच्या किती रेघा मागे आहे हे ती बघे, आणि कुंकवाची तितकी बोटं भिंतीवर ओळीने उठवी. रोजची ओळ वेगळी. दुसऱ्या दिवशीची ओळ पहिलीपेक्षा लांब झाली.

"आणखी मागं पडलं की!" ठकू म्हणाली.

"चुकलं म्हणू नगंस हां!" दगडू दचकला. "गाढव आत्ताच आणून बांधलंय चौकात."

तिसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. ओळ अगदी कालच्याएवढीच! एक बोट जास्त नाही, एक कमी नाही. ठकूने दगडूकडे वळून पाहिलं.

"मामा, रात्री काय केलंत?"

"देवाशपथ, उघडलं न्हाई!" दगडूला दरदरून घाम फुटला. "खिळ्याकडं बघून बघून मान आखडली, म्हणून उशाशी घोंगडीवर ठिवलं. वाटलं, बिचारं टांगून टांगून दमलं असंल. जरा आडवं हुईल."

ठकूने दगडूला भाल्यासकट गरकन फिरवलं! "मामा, तुमच्या तोंडात साखर पडो!"

त्या दिवशी घड्याळ दिवसभर आणि रात्रभर घोंगडीवर पडून राहिलं. दुसऱ्या दुपारी कुंकवाची ओळ आखूड झाली!

"टांगलं की रेंगाळतं, झोपवलं की पळतं!" ठकू टाळ्या पिटत म्हणाली. "हे तर माणसाच्या उलटं!"

मग काय, घड्याळाची चंगळ! खा, प्या, झोपा. खायला चावी, झोपायला घोंगडी. ओळी आखूड होत होत एके दिवशी भिंतीवर बोट उठवायचं कामच उरलं नाही. तेव्हापासून ठकूने नेम धरला. दिवसा टांगायचं, रात्री निजवायचं. दिवसा जेवढं मागे पडे, तेवढं रात्री भरून काढी. हैबतीला आनंदाने रडू कोसळलं आणि दगडूने भाला टाकून फुगडीच घातली!

पौर्णिमेला चौकात सगळा गाव लोटला. राजे घड्याळ हातात घेऊन काठीपाशी उभे राहिले. सावली रेघेवर आली. दोन्ही काटे बारावर आले. हैबतीने टिपरी हाणली. धडाड्! आणि त्याच क्षणी राजांच्या पोटानेही गुरगुर केली!

"दगड्या, घड्याळ उघडलं होतं हिने?"

"न्हाई, महाराज!"

"काट्यांना हात?"

"बोटसुदिक न्हाई!"

राजे बुचकळ्यात पडले. पण हार मानतील तर ते भुजंगराव कसले! "पोरी, जमलं खरं. पण मग इतके दिवस चूक कोणाची होती? घड्याळाची की नगाऱ्याची?"

सगळ्यांच्या नजरा ठकूकडे वळल्या. घड्याळाची म्हणावी तर गाढवावर बसायचं, नगाऱ्याची म्हणावी तर आबांचा नगारा जायचा. दिवाणजींनी गाढवाची दोरी सोडायलाही घेतली.

ठकूने हात जोडले. "खुंटीची, सरकार!"

"खुंटीची?"

"घड्याळ दिवसभर तुमच्या खिशात उभं. रात्री आडवं व्हावं म्हटलं, तर त्या मेल्या खुंटीनं त्याला पुन्हा टांगलेलं! ताजंतवानं कधी व्हायचं त्यानं? रात्री उशीवर निजवा, सरकार, रोज बाराला बारा वाजवील!"

राजांच्या मिशा थरथरल्या. मग असे खदखदून हसले, की पागोटं कानावर घसरलं!

"खुंटीला हजर करा! तिची गाढवावरून धिंड काढा, आणि आमच्या वाड्यातून कायमची हद्दपार!"

"पण चांदीची खुंटी पाठवायची कुठे, महाराज?" दिवाणजींनी घाबरत विचारलं.

"अरे, हिच्या घरी! कडक पहारा ठेव गं पोरी, परत येऊ देऊ नकोस! आणि नगारा पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच घरात!"

मग निघाली वरात! पुढे हैबती नगारा बडवतोय, मागे गाढवावर मखमली गादी, गादीवर चांदीची खुंटी. ठकूने जाता जाता तिला नीट आडवी करून ठेवली.