हरभऱ्याएवढा

"हलला का?"

निहार सरदेसाईनं विचारलं ते मला. हळू आवाजात, चेंडूवरची नजर न उचलता.

गोल्फच्या मैदानातलं, पंधराव्या होलच्या कडेचं उंच गवत. त्यानं स्टिक चेंडूमागे टेकवली आणि गवताची एक काडी वाकली ती पुन्हा उभी राहिली नाही. एवढंच खटकलं मला.

मी दचकले. कुणी अचानक बोललं की दचकतेच मी.

"नाही," म्हणाले.

तो फटका मारून पुढे गेला. मी स्कोअरर; त्याच्या नावापुढे चार फटके लिहिले.

*

हिंदुराव वस्ताद पाण्याच्या टाकीमागे बसून गवत कापायच्या मशीनची पाती घासत होते. दुपारचे साडेचार वाजून गेले होते.

वस्ताद चाळीस वर्षं कॅडी होते, खेळाडूंच्या स्टिकांच्या पिशव्या वाहायचे. आता मैदानाची देखभाल बघतात. आमचा पुरुषांचा व्यावसायिक दौरा, आठ गावांत आठ सामने, सुरू होतो इथून आणि संपतोही इथेच. त्याआधी नवे कॅडी आणि नवे स्कोअरर वस्तादांकडे शिकायला बसतात.

ऑक्टोबरात त्यांनी मला तासभर गवतात बसवलं होतं. समोर एक चेंडू. हलला तर सांग, म्हणाले. मी संख्याशास्त्राची पदवीधर, मनात हसले होते. तासानं सांगितलं, "हलला नाही." ते म्हणाले, "जमंल तुला."

ते आज आठवत होतं, म्हणूनच त्यांच्याकडे आले.

"वस्ताद, एक विचारू?"

"इचार."

"खेळाडूकडून चेंडू हलला, तर एका फटक्याचा दंड. तो कुणी सांगायचा?"

"खेळाडूनं." पाती घासणं थांबलं नाही. "ह्या खेळात पोलीस न्हाई, पोरी. ज्याचा चेंडू त्यानं सांगायचं."

"आणि स्कोअररनं?"

"मोजायचं."

"म्हणजे स्कोअररवर जबाबदारी नाही."

"न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. मी उठलेही.

"आनि स्कोअररला कुनी इचारलं तर?"

मी पुन्हा बसले.

*

मग सगळं सांगितलं.

आजच्या शेवटच्या सामन्यानंतर निहार मोसमाच्या गुणतक्त्यात विसावा आला होता. पहिल्या वीस जणांना पुढच्या वर्षी थेट जागा, बाकीच्यांनी पुन्हा पात्रता फेरी खेळायची. आजचा एक फटका वाढला तर तो एकविसावा. पाच वाजता बक्षीस समारंभ. निकाल एकदा जाहीर झाला की झाला.

"तुम्हीच सांगा, मी काय करू?"

वस्तादांनी पातं खाली ठेवलं.

"मला इचारू नगं."

"का?"

"एकविसावा कोन हाय?"

आकडे मला पाठ असतात. सबंध मोसमात माझा एक आकडा चुकला नव्हता, आणि हे मी प्रत्येक गावात कुणाला ना कुणाला ऐकवलंही होतं.

एकविसावा, विलास हिंदुराव चौगुले.

त्यांचा मुलगा.

"वस्ताद, माझ्या... माझ्या लक्षातच आलं नाही."

"आलं असतं तर हितं आली नसतीस."

ते बरं म्हणाले की वाईट, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. मान वर करायची मला लाज वाटत होती.

त्यांनी खिशातून एक जुना, पिवळा पडलेला चेंडू काढला. टाकीलगतच्या गवतात ठेवला. हातातली कानस चेंडूमागे हलकेच टेकवली.

"हलला का?"

"हलला."

"किती?"

"हरभऱ्याएवढा."

"दचकली न्हाईस. मघा दिसला व्हता?"

"दिसला होता."

"मग?"

टाकीतून पाणी ठिबकत होतं. मी थेंब मोजायला लागले होते. मोजणं बंद केलं.

"आठ सामने मी ह्या लोकांच्या मागे चालले, वस्ताद. ओ मॅडम, किती झाले? ओ मॅडम, बाजूला व्हा, तुमची सावली चेंडूच्या वाटेवर पडतेय. बस, एवढंच. आज पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारलं. एवढा मोठा खेळाडू. मला. त्याला काय ऐकायचंय ते मला कळलं होतं..."

"आनि तू दिलंस."

"दिलं."

"दचकून न्हवं."

"नाही. खूश होऊन."

वस्तादांनी चेंडू उचलला, धोतराला पुसला, खिशात टाकला. मग पातं आणि कानस घेऊन माझ्याकडे पाठ करून बसले.

*

समारंभाचा मंडप मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. धावले असते तरी पाचच्या आत पोचले नसते. मी मुख्य पंच देवस्थळी सरांना फोन लावला.

रिंग वाजत राहिली. बंद झाली.

लांबून माइकवर कुणीतरी एक, दोन, तीन म्हणत होतं.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत नाहीत, वस्ताद."

कानस चालू होती.

"कदाचित... म्हणजे मी दोनदा प्रयत्न केला. माझ्याकडून तर झालाच ना?"

कानस थांबली. वस्ताद वळले नाहीत. फक्त कानस थांबली.

पाचला दोन मिनिटं कमी.

मी तिसऱ्यांदा लावला. मंडपात टाळ्या सुरू झाल्या. रिंग वाजत होती, आणि खरं सांगते, मी मनात म्हणत होते, नका उचलू, सर. नका उचलू.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"सर, निहार सरदेसाईनं पंधराव्या होलला..."

माझ्याकडे पाठ असलेले वस्ताद हळूच म्हणाले,

"आधी तुझं नाव सांग."