मांजरापुढं पसरलेला हात

“नखं मुळातूनच काढून टाकली तर, बाबा?”

केरबा पैलवान दारात उभा राहून विचारत होता. दोन्ही हातांवर ओरखडे. काखेत रिकामं पोतं. त्या पोत्यात ज्याला घालायचं, ते मांजर बाजेखाली जाऊन बसलेलं.

उंबऱ्याबाहेर कासमबाबा. आमच्या गल्लीत दर गुरुवारी येणारे फकीर. खांद्याला झोळी, हात पुढं, तळवा वर.

“मांजराचं नख मुळातून निघत नाही,” बाबा म्हणाले. “बोटाचं शेवटचं पेर संगं जातं. तुझी बोटं पेरापासून तोडू या? मग बघ कुस्ती धरून.”



मी बाजेपाशी बसून होतो. बाजेवर माझी धाकटी बहीण, हौसा. केरबा तिचा मुलगा. दिवाळीत हौसाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पिठी पोटावर येऊन झोपली, की मगच तिचा डोळा लागतो. पिठी म्हणजे हे मांजर. पिठासारखं पांढरं म्हणून पिठी.

पण सकाळी पिठीनं बाजेवर उडी मारली आणि हौसाचा दंड फाटला. म्हातारपणाची कातडी... दुधावरच्या सायीसारखी.

हौसाच्या सुनेनं, शेवंतानं, मग सांगून टाकलं. आज नखं तरी जातील, नाहीतर मांजर जाईल. संध्याकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन येणार होता. पिठीला लांब, गिरणीपाशी सोडणार होता.

घराबाहेर कधी पाऊल न टाकलेलं मांजर. गिरणीपाशी कुत्री.

“आणि आईनं झोपायचं कसं?” केरबा म्हणाला. “बाबा, माझ्या हातातनं आजवर गडी सुटला न्हाई. हे एवढंसं मांजर सुटतंय.”

“हात तसाच आहे तुझा... म्हणूनच.”

बाबा कधी आत येत नाहीत. त्या दिवशी आले, खाली बसले.

“तिला खायला घातलं?”

“न्हाई. मुद्दाम उपाशी ठेवलीया. दमंल म्हटलं.”

“अरे, उपाशी ठेवायचं तर फकिराला ठेव. तो काय चावत नाही.”

शेवंता आतून दूध-भाकरी कुस्करून घेऊन आली. पिठी खाली आली, खाल्लं, अंग चाटलं. दारातून आलेल्या उन्हाच्या तुकड्यात पसरली.

केरबानं झडप घातली. मानगुटीवर.

पिठी परत बाजेखाली.

“वरून गेला हात,” बाबा म्हणाले.

“मग कुठनं जायचा?”

बाबांनी आपला हात जमिनीवर ठेवला. तळवा वर.

“हा जन्मभर असा आहे. पडलं ते घेतलं. कुणाचं धरून ठेवलं नाही.”

“म्हंजे? मांजराकडं भीक मागू?”

केरबा हसला. मीही हसलो. बाबा हसले नाहीत.

“माग.”

“बाबा, ह्या दारात तुम्हाला पीठ मी घालतो.”

“घालतोस. म्हणून तर तुला मागता येत नाही.”

...

केरबा बसला. एवढा मोठा गडी मांडी घालून, हात जमिनीवर पसरून. पोत्याकडं त्यानं पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं पिठी आली. हाताचा वास घेतला. गेली.

“गेली की!”

“नाही म्हणाली. नाही म्हटलं म्हणून फकीर दाराला लाथ घालतो का?”

पुन्हा वाट. ऊन भिंतीकडं सरकलं, तसा केरबाही सरकला. उन्हामागं पिठी आली. लवंडली. झोपेत आल्यासारखा एक पाय तिनं त्याच्या तळव्यात टाकला.

केरबाची बोटं मिटू लागली.

“मिटू नको.”

“सुटंल की, बाबा.”

“सुटू दे. सुटता येतंय एवढं कळलं तर राहील.”

पिठीनं पाय काढून घेतला... आणि परत ठेवला.

“आता अंगठा. भिजल्या कणकेवर ठेवतात, तसा.”

केरबानं पंजा हलकेच दाबला. नख बाहेर आलं. आकड्यासारखं वळलेलं, टोक खालच्या मऊ गादीत रुतायला आलेलं. रोजचं झाड नाही, भिंत नाही, झिजणार कुठं? उन्हात ते आरपार दिसत होतं.

“आत गुलाबी दिसतंय?”

“दिसतंय.”

“तिथं तिचा जीव आहे. त्याच्या जवळसुद्धा जायचं नाही. पुढचं पांढरं टोक, तेवढंच तुझं.”

शेवंतानं नेलकटर हातात दिलं. टक्.

केरबाच्या कपाळाला घाम आला. आखाड्यात इतका घाम मी पाहिला नव्हता.

आणखी एक. टक्.

तिसऱ्याला पिठीनं पाय ओढला. केरबाचा हात उघडाच राहिला. त्यानं आपणहून काही सोडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“बाकीची?”

“ती कुठं पळून जातात? उद्या माग. परवा माग.”

शेवंतानं पोतं उचललं. बाजेच्या पायाला गुंडाळलं, सुतळीनं घट्ट बांधलं.

“घासू दे हिला इथं नखं,” ती म्हणाली. मग फोन लावला. “दादा, टेम्पो नको आणू. न्हाई... न्हाई, राहू दे तिला.”

पिठी उडी मारून हौसाच्या पोटावर गेली. हौसाचा डावा हात तिच्या पाठीवर आला.

केरबा पिठाची वाटी भरून घेऊन आला. बाबांनी हात पुढं केला नाही. ते हौसाच्या उजव्या हाताकडं बघत होते. लकव्यापासून ती मूठ मिटलेलीच. वाढलेली नखं तळव्यात रुतलेली, कडेला लाल झालेलं.

“ही कोण कापतं?”

केरबाची मान खाली गेली.

“उघडत न्हाई, बाबा. बोटं सोडवायला गेलो की जास्तच आवळती. रडती...”

बाबा उठले. झोळी खांद्यावर घेतली. उंबऱ्यावर थांबले.

“फकीर एकाच दारात बसून राहत नाही, पैलवान. पुढच्या दारात जा.”