कृष्णविवरातलं प्रकाशन

विज्ञानाची पुस्तकं वाचकांना समजतील अशी करून देणं, हा केतकी वाळिंबेचा घरबसल्या व्यवसाय. एका प्रकाशकाने तिच्याकडे साताऱ्याच्या डॉ. उपळेकरांचं कृष्णविवरांवरचं हस्तलिखित पाठवलं आणि बजावलं, "शाळेतल्या मुलांना कळलं, तरच छापू."

पहिलंच वाक्य अर्धं पान अडवून बसलं होतं. केतकीने लाल पेन्सिलीने त्याची पाच वाक्यं केली आणि ती डॉक्टरांच्या घरी गेली.

लाल खुणा पाहताच डॉक्टर खुर्चीतून उसळले. "बाई, मी आयुष्यभर खगोलशास्त्र शिकवलंय! माझं वाक्य तोडायचं तर शास्त्रीय कारण द्या. नाहीतर हे बाड इथेच ठेवा आणि निघा!"

केतकीची नजर पुन्हा त्या लांबलचक वाक्यावर गेली आणि तिला हसू आवरेना. ओठ चावत तिने विचारलं, "सर, कृष्णविवर तयार कशाने होतं?"

"इवल्याशा जागेत प्रचंड वस्तुमान कोंबलं की होतं," डॉक्टर गुरगुरले.

"आणि मग?"

"मग काय! त्यातून प्रकाश बाहेर पडत नाही."

"तुम्ही एका वाक्यात अख्खा धडा कोंबलाय, सर. त्यातून प्रकाशच बाहेर पडत नाही, तर प्रकाशन कसं होणार?"

डॉक्टर असे खदखदून हसले, की त्यांचा चष्मा थेट समोरच्या चहाच्या कपात पडला. तो धोतराच्या सोग्याने पुसत ते म्हणाले, "आणा ती लाल पेन्सिल इकडे. दुसरं वाक्य मीच फोडतो!"