सौम्यकेतूच्या अग्नीचे कुंपण

पूर्वी कृतयुगात, जेव्हा देव सहज भेटत आणि भेटले की काही मागितल्यावाचून जात नसत, तेव्हा शोणवती नदीच्या तीरी, पलाश-कदंबांनी गहन झालेल्या वनात सौम्यकेतू नावाचे महर्षी तप करीत होते. वेदवेदांगांत पारंगत, क्षुधा-तृषा जिंकलेले, आणि तरीही एका दुबळ्या व्यसनाचे दास! कोणी काहीही मागो, मुनिवर 'अवश्य' म्हणत. जग याला औदार्य म्हणे. मी याला स्तुतीची हाव म्हणतो.

ही कीर्ती त्रैलोक्यात पसरली आणि मग काय विचारता! गंधर्व पर्णकुटीत बेसूर तालमी करू लागले, राजे आपले लंगडे घोडे आश्रमात आणून बांधू लागले. अमृत पिणारे देवसुद्धा भोजनाच्या वेळी अचूक उगवत. फुकट ते पौष्टिक, हे ज्ञान त्यांनाही होते. दार कधी मिटलेच नाही, त्याचा अडसर कोपऱ्यात धूळ खात पडला. मुनिपत्नी धृतिमती मात्र कांडता-रांधता झिजत होती.

तिचे म्हणावे असे एकच उरले होते: विवाहसमयी प्रज्वलित केलेला अग्नी. तो विझता तर दोघांचा गृहस्थधर्म मोडला असता आणि सारे तप मातीमोल झाले असते. म्हणून अग्नीच्या तीन बाजूंना पलाशाची तीन काष्ठे ठेवलेली असत. त्यांना परिधी म्हणतात. ती रेषा राक्षसांना ओलांडता येत नसे; चौथी, पूर्वेची बाजू स्वतः सूर्य राखत असे.

लेलिह नावाच्या राक्षसाला तोच अग्नी गिळून अजिंक्य व्हायचे होते. लढाई कशाला? तो ब्राह्मणवेष घेऊन आला आणि म्हणाला, "हे दयासागरा, पायस शिजवण्यास मला इंधन हवे. ती तीन काष्ठे दे."

"आर्यपुत्र, ती देऊ नका," धृतिमती म्हणाली. "वनभर लाकडे पडली आहेत. याला नेमकी हीच का हवीत?"

"कल्याणी, अतिथी विन्मुख गेला तर लोक मला काय म्हणतील?"

"आणि अग्नी विझला तर मी तुम्हाला काय म्हणू?"

पण आपल्या माणसाचे कोण ऐकतो! मुनींनी 'अवश्य' म्हणत काष्ठे उचलून दिली. तत्क्षणी लेलिहाने पर्वतप्राय रूप धारण केले आणि लवलवती जीभ अग्नीवर टाकली. ज्वाला निळी पडली. पंक्तीला बसलेले देव द्रोण हातात घेऊनच आकाशमार्गे पळाले. एकानेही मागे वळून पाहिले नाही. मुनींचे तोंड तेवढे उघडे राहिले.

धृतिमतीने कोपऱ्यातले मुसळ अग्नीच्या दक्षिणेस टाकले, पतीच्या हातातला दंड हिसकून उत्तरेस ठेवला आणि दाराचा अडसर ओढत पश्चिमेकडे आणला.

"माते, मी अतिथी आहे!" राक्षस ओरडला.

"अतिथी येतो तसा जातो. तू गिळायला आला आहेस. माझे घर येथवर, तुझी वाट तेथून. नाही म्हणजे नाही!"

आणि तिने अडसर त्याच्या जिभेवर आदळला. अग्नी भडकला, राक्षस होरपळत नदीकडे धावला आणि तिच्या काठी त्याची राख झाली.

ज्वालेतून साक्षात अग्निदेव प्रकटले आणि गरजले, "सौम्यकेतो, आयुष्यभर मला तूप पाजलेस आणि परक्याच्या एका गोड शब्दासाठी मला विकलेस! यापुढे जो परिधी न ठेवता मला आहुती देईल, त्याची आहुती राक्षस खातील. धृतिमती, तू वर माग."

"देवा, पूर्व दिशा उघडी राहू दे. ज्याला यायचे त्याने सूर्यासारखे उजेडात यावे आणि वेळ झाली की जावे."

"तथास्तु!"

दुसऱ्या दिवशी भोजनसमयी देव पुन्हा आले, निर्लज्जांसारखे हसत. मुनींच्या ओठांवर 'अवश्य' आलेच होते. त्यांनी जिभेचे चट्टे पडलेल्या त्या अडसराकडे पाहिले आणि ते म्हणाले, "आज नाही." आभाळ कोसळले नाही. देव कुरकुरत गेले आणि धृतिमती कित्येक वर्षांनी ऊन ऊन भात जेवली.

तेव्हापासून प्रत्येक यज्ञात अग्नीच्या तीन बाजूंना परिधी ठेवतात आणि पूर्व मोकळी सोडतात. ही कथा ऐकणाऱ्यास स्वर्ग मिळेल असे मी सांगत नाही. तिथे तेच फुकटे बसले आहेत. ऐकणाऱ्याला मात्र स्वतःच्या घरी दोन घास सुखाने मिळतील.