काटा हलला नाही

एकदा एक वृद्ध कारागीर होता. हातात धरून वापरायचे लेसर तो बनवीत असे. धरणाच्या उंच भिंतीवरची भेग खालून नुसते बोट दाखवून कोणाला कळणार? तिथे प्रकाशाचा ठिपकाच लागतो. या कारागिराला सारे तात्या म्हणत, आणि तात्यांचा लेसर ऐन वेळी दगा देत नाही अशी ख्याती होती. स्वभाव मात्र असा, की कडू कारले साखरेत घोळले तरी कडूच. लोक त्यांच्या तोंडावर असे म्हणत आणि काम पुन्हा त्यांच्याकडेच आणीत.

हेरंब नावाचा एक शिष्य चांगली नोकरी सोडून त्यांच्याकडे शिकायला आला, त्याला चार वर्षे झाली होती. घर चालवीत होती त्याची पत्नी वैजयंती. सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या, आणि मधल्या साऱ्या वेळात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. "वैजूची कधी तक्रारच नसते," असे हेरंब मोठ्या अभिमानाने सांगे. अहो, अभिमान कशाचा बाळगावा याचेही काही तारतम्य असते! तात्या मान वर करून त्याच्याकडे पाहत आणि पुन्हा कामाला लागत.

एके दिवशी तात्या म्हणाले, "एक लेसर सगळा तुझ्या हातानं कर. पास झालास तर खुशाल वेगळं दुकान थाट."

हेरंबला आकाश ठेंगणे झाले. आता लेसरची रचना अशी, की आत एक सेल असतो आणि पुढे प्रकाश देणारा डायोड. या दोहोंच्या मधोमध नखाएवढी एक पट्टी असते, तिला म्हणतात ड्रायव्हर. डायोडला लागेल तेवढी वीज सेलकडून मागून आणायची, हे तिचे काम. हेरंबने ड्रायव्हर निवडला बाजारातला सर्वांत दमदार. सेल मात्र घेतला करंगळीएवढा, का तर वस्तू सदऱ्याच्या खिशात मावली पाहिजे. झाला की नाही देखणा लेसर!

परीक्षेच्या सकाळी दोघांनी डोळ्यांना रंगीत चष्मे लावले. समोर काळी पाटी होती आणि तिच्याजवळ उजेड मोजणारे यंत्र. हेरंबने लेसर मुठीत धरून ठिपका पाटीवर टाकला. आणि तात्यांनी काय करावे? पाटीकडे चक्क पाठ केली, आणि हेरंबच्या मुठीकडे पाहत बसले.

"तात्या, उजेड तिकडे आहे."

"तिकडचं तू सांग. काटा कुठं आहे?"

"ऐंशीवर."

पाच मिनिटे गेली. काटा ऐंशीवर. दहा गेली, तरी ऐंशीवर. हेरंबच्या चेहऱ्यावर हसू मावेना, पण तळहाताला काहीतरी जाणवू लागले होते.

"तात्या, जरा गरम होतंय."

"मी काटा विचारला."

"ऐंशी. पण तात्या..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. धरून ठेव."

आणखी थोडा वेळ गेला आणि हेरंबने कळवळून लेसर टाकला, तो तात्यांनी जवळ ठेवलेल्या वाळूच्या बादलीत. थंड झाल्यावर झाकण उघडू म्हटले तर उघडेना. आत सेल फुगून लेसरच्या नळीत घट्ट बसला होता. तळहातावर लालभडक वळ उठला होता. पण त्याला दुकान दिसत होते, आणि तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "शेवटपर्यंत काटा हलला नाही हो!"

"तेच तर पाप," तात्या म्हणाले. "सेल थकत जातो तसा हा ड्रायव्हर त्याला जास्तच ओरबाडतो, कारण पुढं उजेड तेवढाच द्यायचा असतो. थकलेल्याकडून जास्त घ्यायचं, आणि बघणाऱ्याला पत्ता नाही. सेल मोठा घाल. नाहीतर सेलबरोबर उजेडही उतरू देणारा ड्रायव्हर घाल."

"पण गिऱ्हाईक म्हणेल, उजेड मंदावतो."

"म्हणू दे. मंदावलेला उजेड ही सेलची तक्रार असते. ती दिसायला नको?"

मग तात्या वाळूकडे पाहत म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधीपासूनचं? मी म्हटलं, छे हो, काल रात्रीपर्यंत गरम पोळी वाढत होती. पुरावा म्हणून सांगितलं मी हे! एकतीस वर्षं काट्याकडे बघत जेवलो, हेरंब. हात लावून कधी पाहिलं नाही. तुझं ते 'तक्रार नसते' चार वर्षं ऐकतोय. आधीच बोलायला हवं होतं. पण कोणत्या तोंडानं बोलणार?"

 हेरंब तडक घरी गेला.

शाळेला सुट्टी होती. आईचे अंथरूण बदललेले होते, स्वयंपाक झालेला होता. आले घातलेला चहा नेहमीसारखा पुढे आला. "कसा झाला लेसर?" वैजूने नेहमीच्याच आवाजात विचारले. हेरंबने कप घेतला नाही. भाजलेला हात मागे ठेवून दुसऱ्या हाताने तिचे मनगट धरले, आणि ते तापलेले होते.

"ताप कधीपासून आहे?"

"असेल चार-पाच दिवस. चहा निवतोय ना."

"वैजू, तू बस."

ती घाबरली. पदराला हात पुसत म्हणाली, "का हो? माझं काही चुकलं का?"

हेरंबने तिला धरून खाली बसवले. तिच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला सुचते का पाहा. पण त्याआधी घरी जाऊन एकदा हात लावून या.