दोराने बांधलेला डोंगर

या, इकडे सावलीत या. डोंगराकडे बघत चालू नका, पायाखालचा कातळ निसरडा आहे. हां, आता बघा. खाडीच्या तोंडाशी अर्धा पाण्यात आणि अर्धा वाळूत बसलेला तो डोंगर, आणि त्याच्या नाकाडापासून या काळ्या खडकापर्यंत आलेला हा काथ्याचा दोर. मनगटाएवढा जाड. डोंगर बांधून ठेवणारं गाव तुम्ही दुसरं बघितलं नसेल. येणारा प्रत्येक जण आधी हसतो, मग फोटो काढतो आणि मग मला विचारतो, "आजी, हा कशाला बांधलाय?" उत्तर सोपं आहे. सोडला तर जाईल.

हसा खुशाल, आमच्या कोंडवेळ गावाला हसण्याचा राग येत नाही. ही तुमची मुलगी का? बाळ, मोबाइल जरा खिशात ठेव, ही गोष्ट तुझ्याच वयाच्या पोरांची आहे. आणि ते पलीकडे माडाखाली दोघं तोंड पाडून बसलेत ना, त्यांच्याकडे आपण मागाहून येऊ.

हा डोंगर मूळचा इथला नाही. पूर्वी तो गावाच्या उगवतीला, अगदी उशाशी उभा होता असं सांगतात. आता शाळेचं मैदान आहे तिथे. थंडीच्या दिवसांत दुपार झाल्याशिवाय गावात ऊन उतरायचं नाही. तुम्हा शहरातल्यांना त्यात काय मोठं वाटणार! पण आम्ही कोळी माणसं. बोंबील वलांडीवर टांगले, म्हणजे त्या बांबूच्या मांडवावर, की त्यांना सकाळचं कोवळं ऊन लागतं. नाहीतर ते सुकण्याआधी कुजतात. समुद्र भरभरून द्यायचा आणि डोंगर सगळं नासवायचा. लागोपाठ तीन वर्षं असं झालं, तेव्हा गावच्या नाखव्यानं, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यानं, निर्णय दिला म्हणे: शिमगा झाला की गाव मोडायचं, ज्याला जिथे आसरा मिळेल तिथे त्यानं जावं.

त्या नाखव्याची मुलगी चांगुणा. तिचे दोन जिवलग, धाकू आणि येसू. तिघंही पंधरा वर्षांची. धाकूचं घर गावातलंच, पण येसू बाहेरची, खाडीपलीकडून मामाकडे राहायला आलेली. गाव मोडलं की चांगुणा जाणार दक्षिणेला, धाकू उत्तरेला कुठल्याशा बेटावर आणि येसू परत बापाकडे. पुन्हा भेट होण्याची आशा नव्हती, त्या काळात कुठली आलीय? तिघांनी रडून घेतलं. लपून नाही, चांगला गळा काढून.

घरोघरी सामान बांधायला दोर हवे होते. काथ्या वळायचं काम पोरांवर आलं. आता आमच्यात एक रीत होती. प्रत्येक घराचा पीळ वेगळा. कुणाचा उजवा, कुणाचा डावा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. दोर बघून घर ओळखावं. एका घराचा काथ्या दुसऱ्याच्या दोरात मिसळायचा नाही. पण या तिघांना वेगवेगळं बसायचं नव्हतं. उरलेत चार दिवस, ते तरी एकत्र काढू, म्हणून त्यांनी तीन घरांचे तीन पेड एकात घेतले आणि मिळून एकच दोर वळला.

तो दोर त्यांनी पहिल्यांदा बांधला येसूच्या मामीच्या उखळाला. दगडी उखळ, चार बायांना हलायचं नाही. तिघांनी दोराला हात घातला, सवयीनं "हैस्सा" म्हटलं, आणि उखळ कुत्र्याच्या पिलासारखं त्यांच्या मागून चालू लागलं. कोंबड्या ओरडत पळाल्या. मामी दारात उभी होती. ती तिथेच मटकन खाली बसली म्हणे.

मग काय विचारता! चिखलात रुतलेली जुनी होडी निघाली. वाटेत ठाण मांडून बसणारी म्हैस बसल्या बसल्या सरकली. एकानं हात काढला की दोर साधा काथ्या व्हायचा. तिघांचे हात लागले की कशाचं ओझं म्हणून वाटायचं नाही. धाकू तर म्हणाला, "आता कोण कुठंही जाऊंदे. ह्यो दोर टाकायचा नि एकमेकाला ओढून आणायचा!" पण चांगुणा तिकडे डोंगराकडे बघत बसली होती. म्हणाली, "तसं कशाला? जायलाच नको, असं करू."

होळीच्या दिवशी पुरुष माणसं होळीचं झाड आणायला रानात गेली होती, बाया सामानाच्या आवराआवरीत होत्या. तिघं डोंगराशी आली. उत्तरेला खाडी आहे, तिकडे त्याला थोडा सरकवायचा, एवढाच बेत. पण ही पोरं पडली कोळ्यांची. जड वस्तू ओढायची म्हणजे होडी पाण्यात ढकलायची, याशिवाय दुसरं काही त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी जे होडीला करतात ते सगळं डोंगराला केलं. पाण्याकडची टोकदार बाजू नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, समजली. तिला हळद-कुंकू लावलं. नारळ फोडला. येसूनं हौसेनं नाळेवर दोन डोळेसुद्धा काढले. मग दोर अडकवून तिघांनी "हैस्सा" केलं.

इतकं सगळं साग्रसंगीत झाल्यावर डोंगराची काय चूक? त्याला वाटलं, आपण होडीच आहोत.

तो उठला आणि सुरसुरत खाडीच्या काठाला आला. पोरांनी "बास, बास" म्हटलं, पण पाण्याचा वास लागलेली होडी कुठे थांबते? पौर्णिमेची दुपार, उधाण भरलेलं. डोंगर पाण्यात शिरला, जरा डुलला, आणि चक्क तरंगायला लागला. पोरं दोराला लोंबकळत काठाकाठानं फरफटत निघाली. त्यात वरून शेळ्यांचा आवाज आला, आणि धाकूनं झटकन मान वर केली. त्याचा आजा डोंगरावर शेळ्या चारत होता!

हा आजा एके काळचा नावाजलेला तांडेल, होडी हाकणारा. वय झाल्यापासून दहा वर्षं त्याला कुणी होडीत घेतलं नव्हतं. तो कड्यावर उभा राहिला, तोंडावर वारा घेतला आणि घाबरायचं सोडून ओरडला, "डावीकडं खडक हाय! उजवी धरा!" इतका आनंदी तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता असं सांगतात. पण समोर खाडी संपत आली आणि मोकळा समुद्र दिसायला लागला, तशी त्यानंच हाक दिली: "पोरांनो, आता होडी थांबवायची कशी, ते पण का मी सांगू? बांधा की!"

बांधायला होता हाच दोर. आणि बांधायचा म्हणजे कायमचा. पुन्हा सोडला की डोंगर गेला. चांगुणाच्या डोळ्यांसमोरून सगळं गेलं: ओढायची राहिलेली गलबतं, बघायची राहिलेली बंदरं, तिघांनी मिळून करायच्या राहिलेल्या शंभर गोष्टी. तिला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "धाकू, येसू, ही जादू आपल्याला परत मिळायची नाय." येसू म्हणाली, "जादू नसली तरी चालंल गो. तुमी पायजे." तिघांनी या काळ्या खडकाला तीन वेढे दिले आणि गाठ मारली. दोर करकरला, ताणला आणि टिकला. डोंगर जिथे थांबला तिथेच आजही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात ऊन आलं. म्हाताऱ्या माणसांनी अंगणात हात पुढे करून ते ऊन तळहातावर घेतलं म्हणे. नाखवा आधी तासभर ओरडला, विचारल्याशिवाय डोंगर हलवायचा असतो का म्हणून! मग त्यानं बांधलेली गाठोडी स्वतःच्या हातानं सोडली. गाव मोडलं नाही. येसूलाही मामीनं परत जाऊ दिलं नाही. उखळ जागेवर नेऊन ठेवल्याशिवाय कुठे जायचं नाही म्हणाली, आणि ते तर आता हलायला तयार नव्हतं.

काथ्या मात्र काथ्याच. वर्षभरात खाऱ्या पाण्यानं दोर झिजला. मोठ्यांनी मांडीएवढा नवा वळला. तो तटकन तुटला. चांगुणा, धाकू, येसूनं वळला. तोही तुटला, कारण तिघं आता सोळा वर्षांची झाली होती. शेवटी गावातली तीन घरांची तीन पंधरा वर्षांची पोरं बसवली. त्यांचा दोर टिकला. तेव्हापासून ही रीत. पेड महिनाभर सगळं गाव वळतं, पण होळीच्या दिवशी, उधाणाच्या आधी, पंधरा वर्षांची तिघं मिळून ते एकात घालतात. माझ्या वर्षी मधला पेड माझा होता. पीळ भरत आला की हाताला काय वाटतं ते सांगता येत नाही. ते एकदाच मिळतं, आणि मिळालं नाही असं इथल्या एकाही माणसाचं आजवर झालेलं नाही.

आजही उधाण आलं की हा दोर करकरतो. हात लावून बघा, आत्तापासूनच ताणलाय. आज होळीच आहे.

आणि ती दोघं का रुसून बसलीत, तेवढं सांगायचं राहिलं. घरं शहरात गेली, पोरं कमी झाली. या वर्षी गावात पंधरा वर्षांची दोघंच आहेत. सकाळपासून सगळे मला विचारतायत, आता कसं करायचं? मी म्हटलं, येसू तरी कुठे गावातली होती?

पोरी, तुझं वय काय? पंधरा? कधी झालीस, गेल्याच महिन्यात? अगं, मग आईबापाच्या तोंडाकडे काय बघतेस! ते बघ, दोघं सरकून जागा करतायत. चपला इथेच काढ. मधला पेड तू धर.