शेवटचा कोनाडा

कोनाडा एकच उरला होता आणि त्यावर हक्क सांगणारे आम्ही पाच जण होतो.

आमच्या महाराजांना विटीदांडूचं भारी वेड. मैदानाच्या कडेला त्यांनी एक कीर्तिमंडप बांधला आणि थोर खेळाडूंचे दांडू कोनाड्यांत मांडले. प्रत्येकापुढे दिवा, दसऱ्याला हार. सहा कोनाडे भरले. सातवा आम्हा पाच निवृत्त खेळाडूंपैकी एकाचा, आणि तो कुणाचा हे आम्हीच एकमतानं ठरवायचं होतं. सात वर्षं आम्ही रोज मंडपात बसून ठरवत होतो. पाच माणसं, पाच नावं. कोण कुणाचं नाव घेत होतं ते सांगायला नकोच.

हैबतरावाचं म्हणणं, त्याची विटी ओढ्यापार गेली होती. खंडू गुरवाची म्हणे देवळाच्या कळसावरून गेली. मी आपला प्रामाणिक माणूस. माझी विटी फक्त टेकडीपलीकडे गेली होती. ती टेकडी दर वर्षी थोडी उंच होत गेली, त्याला माझा इलाज नव्हता.

शेवटी एके दिवशी सकाळीच महाराज मंडपात आले आणि कडाडले, "दुपारची नौबत झडायच्या आत पाचांच्या तोंडून एकच नाव आलं नाही, तर इथे हत्ती बांधीन. तुमचे दसऱ्याचे फेटेही बंद."

दसऱ्याला आम्हा पाचांना दरबारातून मानाचा फेटा मिळे. तो फेटा डोक्यावर असे तेवढा एक दिवस सूनबाई मला पहिल्या पंगतीला बसवत असे.

तेवढ्यात मागे कुणीतरी खुदकन हसलं. मंडपात पाणी भरणारी सगुणा, धोंडी कोळ्याची लेक. महाराजांनी भुवया चढवल्या. हसू येतंय तर तूच नाव काढून दे, म्हणाले. नाही निघालं तर या पाचांच्या फुशारक्या रोज ऐकायच्या, तेही जांभई न देता.

"ती शिक्षा तर मी सात वर्सं भोगत्येच की, म्हाराज," सगुणा म्हणाली.

महाराजांच्या मिशा हलल्या. मला मात्र फार लागलं. पोरगी माझ्या गोष्टीत रंगून घागर उचलायची विसरते, असं मी इतके दिवस समजत होतो.

"मग जन्मभर भोगशील," महाराज म्हणाले.

आता मात्र तिचा चेहरा उतरला. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं, आणि सासर तीन गावं पलीकडे. तिनं घागर खाली ठेवली, आम्हाला मंडपाबाहेर लिंबाखाली बसवायला सांगितलं आणि एकेकाला महाराजांसमोर बोलावलं. पहिला मी. साहजिकच आहे, असं मला वाटलं.

"तात्या, तुमचा सगळ्यात मोठा डाव संपला कसा, त्येवढंच सांगा."

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. लोक टेकडी येईपर्यंतच उठून जात. मी छाती फुगवली. मला बाद करणं येरागबाळ्याचं काम होतं का? आमच्या वेळी आम्ही मानकऱ्यांनी फक्त टोले हाणायचे. विटीमागे धावायला महाराजांची पालखी टेकवून मोकळे बसलेले भोई असत. त्यात एक रावबा भोई होता. "त्याच्यासारखा झेलणारा पृथ्वीवर झाला नाही," मी महाराजांना सांगितलं. "तो होता म्हणून. नाहीतर मी अजून खेळत असतो." टेकडीपलीकडे गेलेली विटी त्यानं झेलली कशी, हे सुदैवानं महाराजांनी विचारलं नाही.

मला तिथेच एका खांबाजवळ उभं केलं. हैबतराव आला. तो ओढ्यापर्यंत पोचला आणि म्हणाला, मला बाद करणारा मनुष्य नव्हताच, रावबा भोई होता. खंडू गुरवानं तर रावबाला कळसाएवढी उडी मारायला लावली. उरलेले दोघेही त्याच्याच हातात जाऊन पडले.

"म्हाराज," सगुणा म्हणाली, "पाच तोंडं, एकच नाव. रावबा भोई."

आम्ही पाचही जण एकदम ओरडलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा. "त्यानं जन्मात दांडू हातात धरला नाही! साधा भोई तो."

सगुणा माझ्याकडे वळली. "मग तात्यांना साध्या भोयानं बाद केलं, असं मंडपावर कोरून घ्यायचं का?"

हैबतरावाला खोकला आला. खंडू कोनाड्यातला दिवा निरखून पाहू लागला.

"रावबा थोरच होता," मी म्हणालो.

बाकीचे चौघेही घाईघाईनं तेच म्हणाले. तेवढ्यात नौबत झडली.

रावबाला शोधायला लांब जावं लागलं नाही. सात वर्षं तो मंडपाच्या पायरीवर आमचे जोडे सांभाळत बसत होता. त्याला आत बोलावलं, तर म्हातारा हातातल्या कामासकट आला. महाराजांनी एक विटी उचलली आणि त्याच्या दिशेनं फेकली. रावबानं ती डाव्या हातानं अलगद टिपली. उजव्या हातात माझा जोडा होता.

महाराज खो-खो हसत सुटले. तीच विटी त्यांनी सातव्या कोनाड्यात ठेवली आणि रावबाच्या डोक्याला स्वतः फेटा बांधला. आमचेही फेटे वाचले. सगुणेला लग्नाचा शालू मिळाला, वर राजवाड्याची पालखी.

"आणि वेशीपर्यंत ती हे पाच वीर नेतील," महाराज आमच्याकडे पाहत म्हणाले. "चौघं खांदा देतील. पाचवा शेजारून चालत तुला गोष्ट सांगेल."

सगुणेनं घागर उचलून कमरेवर घेतली. "पाचवा गप चालणार आसंल, तर बसते."

महाराजांना हसता हसता ठसका लागला. पाचवा मी होतो.